दुधात आलेली कणसं

पावसाळा सरत आला होता, परंतु सरल्याचे त्याने अजून कबूल केलेले नव्हते, अशा दिवसांतील बुधवार. वेळ सकाळी आठच्या सुमाराची. आणि स्थळ, ओढ्याला लागून असलेला मक्याचा दीड एकराचा तुकडा. या वेळी आणि या ठिकाणी थोरलीला आपल्या शेतातील चौदा ताटांवरची कणसे नाहीशी झालेली आढळली.

रानडुकराचे हे काम असते तर ताटे आडवी झाली असती. पोपटांचे असते तर सालपटे फाटून लोंबली असती. येथे ताटे जागच्या जागी उभी होती आणि कणीस तेवढे देठापाशी पीळ देऊन सफाईने काढलेले होते. खाली चिखलात पावले उमटली होती, आणि ती पावले टाचेच्या चपलेची होती. टाचेच्या चपला घालून चिखलात उतरणारे माणूस त्या आठवड्यात गावात एकच होते.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. नवरा पंप दुरुस्त करीत गावोगाव हिंडणारा. शेत, गाय आणि सासू ही तिन्ही तिच्याच अंगावर. सासू दोन वर्षांपूर्वी ओल्या पायरीवरून घसरली, कमरेचे हाड मोडले, आणि तेव्हापासून मधल्या खोलीतल्या खाटेवर होती. तिला कुशीवर वळवणे, पुसणे, भरवणे, यात दोन वर्षांत खंड पडला नव्हता. धाकटा दीर शहरात नोकरीला. त्याची बायको तिथल्या दवाखान्यात रुग्णांचा स्वयंपाक करी. दोघे आठ दिवसांची रजा काढून आली होती.

थोरली घरी आली तेव्हा धाकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कणसांची सालपटे काढत होती.

"कुणाला विचारून मोडलीस गं ही?"

"आलात का जाऊबाई? बसा ना. आईंसाठी सूप करतेय."

"मी विचारलं काय, तू सांगतेस काय! अजून दाणा भरायचाय त्यांचा. दुधात आहेत कणसं."

"म्हणून तर मोडली. दुधातलीच लागतात."

"पंधरा दिवस दम धरला असतास तर एकेक कणीस मुठीत मावलं नसतं. अंडं फोडून कोंबडी शोधणारी तू!"

"चौदाच तर आहेत."

"चौदा असोत नाही तर चार. शेत काय तुझ्या बापाचं आहे?"

"माझ्या नाही, सासऱ्यांचं," धाकटी हसत म्हणाली. "म्हणजे निम्मं आमचंही..." आणि तिने जीभ चावली. पण सुटलेला बाण आणि बोललेला शब्द यांना परतीची वाट नसते.

थोरली कोयता घेऊन निघाली. अंगणात गेली, गोठ्याच्या भिंतीशी बसून कोयत्याला धार लावू लागली. कोयत्याला आदल्याच दिवशी धार लावलेली होती. तिथून स्वयंपाकघराचे दार सरळ दिसत होते, एवढेच त्या जागेचे महत्त्व.

तिने पाहिले ते असे. धाकटीने सुरीने दाणे उतरवले, मग सुरीच्या पाठीने दाणे गेलेली बुरकुंडे निपटून त्यांतले पांढरे दूध वाटीत धरले. मोकळी झालेली बुरकुंडे गाईला टाकायची सोडून पाण्यात उकळायला ठेवली. सोबत आणलेला नारळ फोडला, खवला, पिळला. पहिले घट्ट दूध पितळी गडव्यात वेगळे ठेवले, चोथ्यात पाणी घालून दुसरे पातळ दूध काढले. पातेल्यात लोणी, त्यात आले, दालचिनी, लवंग, मिरी. दाणे परतले, बुरकुंडांचे पाणी आणि पातळ दूध ओतले. वास अंगणात आला. तो वास उबदार होता, गोड होता, आणि गाईनेसुद्धा मान वळवली. तेव्हा थोरली उठून वैरणीला निघून गेली. पुढे लवंग-दालचिनी काढून टाकली गेली, सूप घोटून गाळले गेले, आणि घट्ट दुधाचे काय झाले, ते तिने पाहिले नाही.

दुपारी तिने पाहिले ते मात्र ती जन्मात विसरणार नव्हती. म्हातारीने वाटी रिकामी केली. चमचा वाटीच्या कडेने फिरवला. आणि विचारले, "आणखी आहे?"

येथे मत्सर हा शब्द जपून वापरला पाहिजे. अन्नाचा मत्सर फार काळ टिकत नाही. पोट भरले की तो विझतो. दोन वर्षे थोरली त्या खाटेशी बसून मऊ भाताचा एकेक घास कालवत होती, आणि दर वेळी चार घासांवर म्हातारी तोंड फिरवी. थोरलीने मनाशी ठरवून टाकले होते की म्हातारीची भूकच गेली आहे. आणि भूकच गेली म्हटल्यावर भरवणारीकडे दोष येत नाही. त्या एका वाटीने तिचा हा आधार काढून घेतला. भूक होती. आजवर ती तिच्या हाताशी आली नव्हती, एवढेच.

बातमीला पाय फुटायला एक रात्र पुरते. गुरुवारी थोरली दळण आणायला गेली, तर गिरणीवाली पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून वाटच पाहत होती.

"काय गं थोरले, सासूनं म्हणे वाटी चाटूनपुसून खाल्ली?"

"चाटली नाही. खाल्ली."

"तेच ते. धाकटीच्या हातात काय जादू आहे बाई!"

"हातात कसली जादू? नारळात आहे. नारळ घातला तर खुंटासुद्धा गोड लागेल."

"मग तू का नाही घातलास दोन वर्षांत?"

थोरलीने पिठाचा डबा झाकण न लावताच उचलला. "दोन वर्षं मी तिच्या खालची चादर बदलतेय. ती चादर पाहायला आलीस का कधी? वाटी पाहायला बरी धावलीस."

"अगं, मी गमतीनं म्हटलं."

"नारळ आहे का दुकानात?"

गिरणीवालीने जात्याचा पट्टा थांबवला. तिचे दुकान गिरणीला लागूनच होते. "आहे की. एक देऊ का दोन?"

"एक. आणि हसलीस तर हा डबा तुझ्या डोक्यावर उपडा करीन."

संध्याकाळी जेवणे झाल्यावर धाकट्या दिराने विषय काढला. त्याने तो बराच वेळ तोंडात घोळवलेला असावा, कारण बाहेर आला तेव्हा फार गुळगुळीत झाला होता.

"वहिनी, तुम्ही फार केलंत आईचं. आता थोडं आमच्याकडे द्या. उद्या दुपारी जीप येणारच आहे आमच्यासाठी. मागं गादी टाकू, आईला नेऊ."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तिथं दवाखाना जवळ. आणि हिच्या हातचं ती खाते. दोन दिवसांत चेहऱ्यावर तजेला आलाय, दिसत नाही का तुम्हाला?"

थोरलीने नवऱ्याकडे पाहिले. तो दाराशी बसून पंपाचा पट्टा उलटसुलट करून पाहत होता. "तुम्ही बोला की काही."

"मी काय बोलू? तुलाही जरा विसावा. आई चांगली खात असेल तर..."

"विसावा मागितला मी? कधी मागितला? तोंडातून अवाक्षर तरी काढलं?"

"चिडू नका हो जाऊबाई," धाकटी म्हणाली. "तुमच्या सोयीसाठीच बोलतोय आम्ही."

"माझी सोय माझ्याकडे राहू दे. तू आपली कणसं मोड."

"आईला विचारा," नवरा हळूच म्हणाला.

सगळ्यांनी मधल्या खोलीकडे पाहिले. म्हातारीचे डोळे मिटलेले होते. परंतु झोपलेल्या माणसाच्या पापण्या इतक्या घट्ट मिटलेल्या नसतात. "उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केले.

शुक्रवारी उजाडताच थोरली टोपली घेऊन शेतात गेली. दुधातल्या कणसाला तिने हात लावून पाहिला, सालपट किंचित सरकवले, दाण्यावर नख दाबले; पांढरा थेंब उडाला. त्याला पीळ देणे तिच्याने होईना. न भरलेले कणीस मोडू नये, हे तिला कुणी शिकवावे लागले नव्हते. या घरातल्या बाईने ते कधी केले नव्हते आणि म्हणून ते कधी चाखलेही नव्हते. शिवाय तिचा विचार सरळ होता. ज्याला जिंकायचे त्याने उत्तम ते द्यावे. बांधाच्या कडेला आधी पेरलेल्या चार ओळी होत्या. त्यांची कणसे भरून टणक झाली होती, दाण्यात नख शिरत नव्हते. तिने त्यांतली सर्वांत मोठी सहा निवडली. धाकटीची चौदा या सहांपुढे काय होती?

चुलीवर पातेले चढले. दाणे उतरवताना सुरी घसरू लागली, दूध तर निघालेच नाही. तिला वाटले, बरेच झाले, पाणीदार नाहीत. नारळ पिळून तिने पहिले आणि दुसरे दूध एकाच गडव्यात केले. लोण्यात आले, दालचिनी, लवंग, मिरी टाकली. धाकटीच्या दुप्पट टाकली. वास सुटला आणि दारात धाकटी उभी राहिली. तिच्या हातात प्रवासाला बांधायचे म्हातारीचे कपडे होते.

"अगं बाई, सूप करताय?"

"का? मक्याचा मक्ता काय तुझ्याकडे आहे?"

"तसं नाही हो. कणसं जून वाटतात जरा. आणि नारळाचं घट्ट दूध शेवटी घाला बरं का. भांडं खाली उतरवून. उकळलं तर फुटतं."

"असं का? तुमच्या दवाखान्यात आजाऱ्याला कच्चं दूध देतात वाटतं?"

"गाईचं नाही ते, नारळाचं आहे."

"दूध ते दूध. जा, गाठोडं बांध तुझं."

धाकटीने कपडे खांद्यावर टाकले. "मी सांगायचं ते सांगितलं," म्हणाली आणि गेली.

थोरली पातेल्यापाशी उभी राहून विचार करू लागली, आणि तिच्या विचारात तर्काची एकही चूक नव्हती. फक्त तो चुकीच्या खांबाला बांधलेला होता. आपल्या हातची कला कोण कुणाला फुकट सांगतो? तीही आपल्याला पाण्यात पाहणाऱ्या बाईला? शेवटी घाला म्हणाली, त्या अर्थी आधी घालायचे असणार. उकळू नका म्हणाली, त्या अर्थी चांगले रटरटवायचे असणार. तिने सगळे दूध एकदम ओतले, चुलीत दोन लाकडे सारली आणि तीन उकळ्या काढल्या.

तिसऱ्या उकळीला सूप फुटले. वर तेलाचे थेंब तरंगू लागले, मध्ये पांढऱ्या गाठी, तळाशी वाळूसारखे दाणे. थोरलीने ढवळले. जोराने ढवळले. ढवळून फुटलेले सांधत नाही, हे तिला ठाऊक होते; तरी तिने हात थांबवला नाही. बाहेर जीपचा आवाज आला आणि अंगणात थांबला.

आता दुसरे करायला ना वेळ होता ना नारळ. सूप गाईपुढे ओतावे आणि गप्प बसावे, असे तिच्या मनात येऊन गेले. मग तिने वाटी भरली आणि मधल्या खोलीत गेली.

खोलीत सगळे जमले होते. गादी गुंडाळून दाराशी उभी केली होती. धाकटा म्हातारीच्या पायांशी, नवरा डोक्याशी, उचलायच्या बेतात. धाकटीची नजर वाटीत गेली. तिने सगळे ओळखले, आणि तरीही ती हसली नाही. हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

"हे काय मध्येच, वहिनी?" धाकटा म्हणाला. "जीपवाला खोळंबलाय. अंधार पडायच्या आत पोचायला हवं."

"दोन घास खाऊन जाऊ देत."

"वाटेत देऊ आम्ही काहीतरी."

म्हातारीने हात वर केला. धाकटा थांबला. थोरली नेहमीप्रमाणे खाटेच्या कडेला टेकली, एक हात म्हातारीच्या पाठीखाली सरकवला आणि चमचा पुढे केला. चमच्यावरचे तेल हलत होते.

म्हातारीने घास घेतला. हिरड्यांनी बराच वेळ चघळला. तोंडातून एक अख्खी लवंग काढली, बोटांत धरून पाहिली आणि वाटीच्या काठावर ठेवली. बाहेर जीपवाल्याने भोंगा वाजवला. म्हातारीने पुन्हा तोंड उघडले, दुसरा घास घेतला, तोही चघळला, मोठ्या कष्टाने गिळला.

"कसं झालंय?" थोरलीने विचारले. दोन वर्षांत तिने हे प्रथमच विचारले होते.

म्हातारीने दाराशी उभ्या केलेल्या गादीकडे पाहिले, धाकट्याकडे पाहिले, मग थोरलीकडे.

"वाईट झालंय," ती म्हणाली. "उद्या परत कर."