दोष एकूण अकरा

आमचे हे पंख्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. तयार पंखा यांच्या टेबलावर यायचा, हे तो फिरवून, ठोकून, कान लावून बघायचे आणि त्यात काय खोट आहे ते कागदावर लिहायचे. पगार मिळायचा तोच मुळी खोट काढण्याचा. आता अशा माणसाच्या हातात जुन्या वस्तू विकायचं काम द्यावं का? पण मी दिलं, आणि पुढचा महिनाभर कपाळाला हात लावून बसले.

मला मागची खोली रिकामी करायची होती, ताईसाठी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती एकोणीस. माझ्या वेण्या घालून, माझा डबा भरून ती नर्सिंगच्या वर्गाला पळायची. पुढे मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स झाली, लग्नबिग्न केलं नाही, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी एक गुडघा बदललेला, दुसरा रुसलेला, अशा अवस्थेत चौथ्या मजल्यावर भाड्याने राहत होती. लिफ्ट नाही. महिनाअखेरीला भाड्याचा करार संपत होता. मी म्हणत होते, इकडे ये. ती म्हणत होती, वृद्धनिवासात एक खोली रिकामी झालीय, फॉर्म आणून ठेवलाय, सही केली की झालं.

"चिमणे, मला कुणाच्या घरात अडगळ व्हायचं नाही," ती म्हणायची. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे, पण तिला अजून चिमणीच.

"अडगळ कसली? खोली रिकामीच पडलीय गं! नुसता राजवाडा आहे," मी ठोकून दिलं. तिने फोटो मागितला. खोलीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. मग मी दारामागचा तेवढा एक मोकळा कोपरा गाठला, तिथल्या भिंतीचा फोटो काढला आणि पाठवून दिला. एवढीशी थाप. ती येईपर्यंत खोली रिकामी करू, असा माझा हिशेब.

खोलीत एकूण सतरा नग होते. सोफा, आरशाचं लोखंडी कपाट, लेकीचा पाळणा, तिचंच कॉम्प्युटरचं टेबल, कपडे वाळत घालायच्या कामी आलेली व्यायामाची सायकल, आणि असंच बरंच. लेक परगावी असते. तिने फोनवरून मला जुन्या वस्तू विकायचं ते ॲप शिकवलं. मी पहिली जाहिरात टाकली सोफ्याची. 'सुंदर, मऊ, जवळजवळ नवा सोफा. बसाल तर उठणार नाही!'

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. बसले, आणि बसले तसेच उठले. डाव्या बाजूला एक स्प्रिंग वर आलेली आहे, तिच्यावर मी गेली सहा वर्षं उशी ठेवत होते, ती उशी नेमकी धुवायला गेली होती. संध्याकाळी ॲपवर आमच्या नावापुढे एक चांदणी आणि शेरा, 'धडधडीत खोटं.' मला इतकं लागलं म्हणून सांगू! जेवण जाईना. अहो, मी काय चोर आहे?

"खोटंच होतं ते," हे म्हणाले.

"मग तुम्ही लिहा! एवढे मोठे सत्यवादी!" मी फोन यांच्या हातात आदळला.

हे उठले, टॉर्च, भिंग आणि स्टीलची फूटपट्टी घेऊन मागच्या खोलीत गेले आणि तासाभराने बाहेर आले. जाहिरात अशी होती: 'सोफा, तीन माणसांचा. वय अकरा वर्षे. डावीकडची स्प्रिंग टोचते. मधल्या गादीवर चहाचा डाग, उलटी केल्यास दिसत नाही, पण आहे. उजवीकडे बसल्यास त्रास नाही.'

"तीन माणसांच्या सोफ्यावर एकानेच बसायचं का?" मी विचारलं.

"बसणारा ठरवील," म्हणाले.

कपाटाबद्दल लिहिलं, 'दार उघडताना मोठा आवाज करते. तेल घातले. तरी करते.' टेबलाबद्दल, 'मागचा डावा पाय तीन मिलिमीटर आखूड.' सायकलबद्दल तर, 'वापरलेली नाही. हाही दोषच समजावा.' तो टोमणा मला होता, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

आणि मग सुरू झाले मेसेज. त्या ॲपवर एक तयार बटण आहे, 'अजून आहे का?' ज्याला काही घ्यायचं नाही, तोही जाता जाता ते दाबतो. सकाळी उठावं तर चार जण, 'अजून आहे का?' आपण लिहावं, आहे. की पलीकडे चिडीचूप. कुणी विचारी, 'शेवटचं किती?' अजून पहिलं ठरलं नाही, शेवटचं कुठून सांगू? एकाने सोफ्याच्या बदल्यात सशांची जोडी देऊ केली. आणि सगळ्यांत वाईट ते 'बाजूला ठेवा, शनिवारी चारला येते'वाले. चार वाजतात, पाच वाजतात, आम्ही दोघं बैठकीत तयार होऊन बसलेलो, चहाचं आधण टाकलेलं, आणि कुणी कुत्रं फिरकत नाही. अशा तीन बायकांची वाट बघून मी तीन शनिवार फुकट घालवले. इकडे महिना सरत चाललेला. मी यांच्यावर जाम तडकले.

"तुमच्या त्या खऱ्याच्या पायी ताई जाईल वृद्धनिवासात! थोडं गोड लिहिलंत तर हात झडतील का?"

हे चष्मा पुसत बसले.

पण मग एक दिवस एक बाई आली, दोन दांडगे मुलगे असलेली. कपाटाचं दार उघडलं. ते जे काही किंचाळलं, की शेजारच्या घरातून विचारणा झाली. बाईचा चेहरा उजळला. "हेच हवंय मला! घरात बिस्किटं टिकत नाहीत. आता कोण कधी उघडतंय ते स्वयंपाकघरात ऐकू येईल." मोजून पैसे दिले, घासाघीस नाही, काही नाही. वर पाच चांदण्या आणि शेरा, 'लिहिलंय तसंच ओरडतं.'

त्या शेऱ्याने जादू केली. सोफे दुरुस्त करणारा एक कारागीर येऊन सोफा घेऊन गेला. म्हणाला, कोणती स्प्रिंग ते लिहिलं होतं म्हणून आलो, नाहीतर सगळा सोफा फाडून बघावा लागतो. लोक न बघताच पैसे पाठवायला लागले. आमच्या ह्यांची मान ताठ झाली. सकाळी दाढी करताना शीळ घालायचे. मीही मनातून खूश होते, पण ते तोंडावर कशाला सांगायचं? सतरापैकी आठ नग गेले.

आणि तेवढ्यात ताईचा फोन आला.

"चिमणे, तुझ्या त्या राजवाड्यात पाळणा आहे का गं? आणि व्यायामाची सायकल?"

झालं होतं असं, की ताईला अंघोळीला बसायला उंच स्टूल हवं होतं. तेही जुनंच चालेल म्हणून तिने तेच ॲप घेतलं होतं. स्टूल शोधता शोधता तिला दिसलं एक आरशाचं कपाट. आणि त्या आरशात, दोन्ही हातांनी फोन धरून, जीभ बाहेर काढून फोटो काढणारी मी. कपाट विकलं गेलं होतं, पण फोटो कुठे जातोय? मग तिने आमच्या सगळ्या जाहिराती बघितल्या.

"खोली रिकामी आहे म्हणालीस ना?"

"अगं, म्हणजे होतेच आहे..."

"छत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. पेशंटला त्याचे नातेवाईक याच आवाजात सांगतात, काही नाही हो, सगळं छान आहे. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते." ती रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. "माझ्यासाठी तुम्ही घरातल्या वस्तू विकायला काढल्यात. यायच्या आधीच ओझं झाले की मी. शनिवारी जाऊन फॉर्मवर सही करते."

त्यानंतर तिने फोन उचलला नाही. मी सोमवारी केले, मंगळवारी केले. मेसेज लिहिले, लांबलचक, बदामांच्या चित्रांसकट. एकालाही उत्तर नाही. मी स्वयंपाकघरात बसून हमसून हमसून रडले. माझ्या वेण्या घालणारी माझी बहीण, आणि मी तिला भिंतीचा कोपरा दाखवून फसवायला गेले. लाज वाटली हो मला.

बुधवारी सकाळी हे टॉर्च आणि फूटपट्टी घेऊन उठले.

"आता काय विकताय?" मी विचारलं.

"काही नाही," म्हणाले, आणि मागच्या खोलीत गेले. आत काहीतरी ठोकल्याचा आवाज आला, खिडकी उघडल्या-मिटल्याचा आला. मग हे दारातून न्हाणीघरापर्यंत हळूहळू चालत गेले, एक पाय ओढत. परत आले, पुन्हा गेले. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. जेवायच्या वेळेला फोन माझ्यापुढे ठेवला. ॲपवर नवी जाहिरात होती.

'खोली, एक. दहा बाय अकरा फूट. विक्रीसाठी नाही. भाड्याने नाही. एकाच व्यक्तीसाठी, तिला माहीत आहे.

दोष:

१. रिकामी नाही. नऊ वस्तू अजून आत आहेत. रिकामी आहे असे सांगण्यात आले होते, ते खरे नव्हते.

२. खिडकीची उजवी कडी बसत नाही. वाऱ्याला वाजते.

३. न्हाणीघर खोलीला लागून नाही. चौदा पावले. गुडघा दुखत असल्यास एकवीस.

४. उंबरठा पाऊण इंच. काढायला सुतार उद्या येतो म्हणाला आहे. सुताराची खात्री नाही.

५. शेजारी सकाळी सहाला गाडी सुरू करतो. तीनदा.

६. उत्तरेच्या भिंतीवर ओल. रंग दिल्यास झाकेल, जाणार नाही.

७. दिव्याचे बटण पलंगावरून हाताला येत नाही.

८. घरात एक पुरुष आहे. घोरतो. भिंत जाड आहे, पण तेवढी नाही.

९. घरात एक बाई आहे. फार बोलते. रागावली की भांडी आपटते. अर्ध्या तासात उतरते.

१०. हीच बाई दोन महिने रोज या खोलीच्या दारात उभी राहून पलंग कुठे लावायचा ते ठरवते. आजवर सहा जागा झाल्या. आल्यावर पलंग पुन्हा हलवला जाण्याचा धोका आहे.

११. खोली दहा वर्षे अडगळीत होती. वस्तू नाइलाजाने विकत नाही. रिकामी करायला आजवर कारण नव्हते, आता मिळाले.

दोष एकूण अकरा. तपासली. पास.'

पहिल्यांदा मी भडकले. भांडी आपटते म्हणे! चारचौघांत माझी अब्रू! मग दहावा मुद्दा पुन्हा वाचला. मी दारात उभी राहायचे, ते यांना कधी दिसलं? हे तर पेपरमध्ये तोंड खुपसून बसलेले असायचे. मला पुढचं वाचवेना, अक्षरं पुसट झाली.

"जेव आधी," हे म्हणाले.

तासाभरात फोन टणटणला. 'अजून आहे का?' मी झडप घातली. कुणी परकाच. एकाने विचारलं, 'शेवटचं किती?' एवढं स्वच्छ लिहिलं असताना! एकीने लिहिलं की मला बाई घोरणारी चालेल, पुरुष नको. संध्याकाळपर्यंत असे चौदा जण झाले आणि मी फोन उपडा करून ठेवला. गुरुवारी सुतार चक्क आला, उंबरठा काढून गेला. ताईकडून काही नाही. शुक्रवार अर्धा उलटला. उद्या शनिवार.

दुपारी हे पाळण्याचे स्क्रू मोजत होते. मी भाजी निवडत होते. फोन पुन्हा वाजला, तेव्हा मी बघितलंही नाही. ह्यांनीच उचलला. चष्मा वर केला, खाली केला, आणि फोन माझ्यापुढे धरला.

ताईचं नाव होतं. खाली ते तयार बटण दाबलेलं, 'अजून आहे का?'

माझे हात भाजीने ओले. "तुम्ही लिहा, तुम्ही लिहा," मी म्हटलं. "मी काहीतरी गोड लिहून बसेन."

यांनी लिहिलं, 'आहे. उंबरठा काढला. दोष आता दहा.'

मग आलं, 'ती बडबडी बाई खोलीबरोबरच मिळते का? की वेगळी?'

'बरोबरच. वेगळी देता येत नाही.'

मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही. परत टणटणलं. 'बरं. बाजूला ठेवा. शनिवारी चारला येते.'

आता सांगा! दुसरं कोणतं वाक्य मिळालं नाही तिला? शनिवारी चारला येते! शनिवारी मी दोनपासून बैठकीत बसले. तीन वाजता आधण टाकलं, उकळून आटलं, पुन्हा टाकलं. हे म्हणाले, येईल. मी म्हटलं, त्या तिघीही असंच म्हणाल्या होत्या. हे उठून दोनदा खिडकीशी जाऊन आले ते मी बघितलं.

पावणेचारला बेल वाजली.