वीसपैकी अठरा

तपासणीला यायची ती मुलगी ठरल्या वेळेला आली, याचाही मॅडमना रागच आला. वेळ पाळायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, छापील दहा प्रश्न विचारायचे, वीसपैकी गुण द्यायचे आणि हा माणूस एकटा राहू शकतो का ते लिहून द्यायचं, ही मॅडमची बावीस वर्षांची नोकरी. दहाच्या आत गुण आले तरच सरकारी खातं दिवसभरासाठी सांभाळणारी बाई देतं. आज पाळी त्यांच्याच वडिलांची होती. घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही असा नियम, म्हणून हाताखालची मुलगी आली होती.

अण्णांना बाई हवीच होती, यात तिळमात्र शंका नव्हती. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. आता मॅडम कामावर गेल्या की इस्त्री तापत ठेवून जिन्यात जाऊन बसायचा. महिन्यात दोनदा शेजाऱ्यांनी धूर पाहून धाव घेतली होती. पोटच्या मुलीला ते हल्ली गिऱ्हाइकासारखं ‘बाई’ म्हणायचे. बाप नापास व्हावा म्हणून कुणी देव पाण्यात घालून बसतं का? मॅडम बसल्या होत्या.

तपासणीच्या मुलीने तीन शब्द सांगितले, खुर्ची, किल्ली, पाणी. पाच मिनिटांनी विचारले तर अण्णांनी ते धडाधड म्हणून दाखवले. शंभरातून सात-सात वजा करत ते जिना उतरावा तसे खाली आले. घरात धूर दिसला तर काय कराल? आधी बटण बंद, मग खिडकी उघडायची, मग शेजाऱ्यांना हाक. फक्त साल चुकलं. त्यांनी बावीस वर्षांपूर्वीचं सांगितलं.

मॅडमनी ते साल ओळखलं. नोकरीच्या परीक्षेआधी महिनाभर त्यांनी हाच फॉर्म अण्णांवर घोकला होता. अण्णा मशीन चालवता चालवता उत्तरं द्यायचे, आणि चुकलं की लेक पुन्हा पहिल्यापासून विचारायची. हे शब्द आता बदलायला हवेत, असं दर वर्षी त्यांच्या मनात यायचं. पण वरच्यांना पत्र कोण लिहीत बसणार?

"अण्णांना हे सगळं पाठ आहे," त्या म्हणाल्या. "तू दुसरे शब्द विचार."

"छापलेलं सोडून काही विचारायचं नाही. तुम्हीच सांगितलंय, मॅडम."

मग मॅडमनी टेबलावरचा जळका डाग दाखवला, शेजाऱ्यांचं सांगितलं. अण्णा हसून म्हणाले, शिंप्याच्या घरात इस्त्रीचा डाग नसेल तर त्याला शिंपी कोण म्हणेल? मुलगीही हसली. नातेवाईक नेहमी वाढवून सांगतात, त्यांचं बोलणं गुणांत धरायचं नाही, हा मॅडमच्या शिकवणीतला पहिला धडा. त्या धड्याच्या जोरावर त्यांनी किती लेकीसुनांना गप्प बसवलं होतं, त्यांनाच माहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा लागतो ते आज कळलं.

सालाचे दोन गुण कापून मुलीने अठरा लिहिले. या वयात एवढं चालायचंच, म्हणाली. एकटे राहू शकतात, असा शेरा मारून, सही घेऊन ती गेली.

दार लागल्यावर अण्णा खुर्चीतून पुढे झुकले. इतका वेळ ताठ धरलेली मान आता लटपटत होती.

"बाई, माझं काही चुकलं नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. होईल ना ती पास?"

मॅडमना रडू फुटलं, आणि संतापही आला; कुणावर काढायचा ते समजेना.

"झाली, अण्णा," त्या म्हणाल्या. "पास झाली."

"मग उद्या कामावर जाईल," असं म्हणत अण्णा उठले आणि तिच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढायला त्यांनी इस्त्रीचं बटण दाबलं.