दुसरी साक्ष

आमचे हे साक्ष द्यायला उभे राहिले, तेव्हा मला वाटलं यांना चक्करच आली. मी धरायला उठले, तर हे पुढं चालायला लागलेले! जो माणूस जन्मभर चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला, आमेनसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणाला, तो सगळ्या मंडळीसमोर उभा राहून बोलेल असं कोणाला वाटेल? लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हासुद्धा यांच्या तोंडून माझं नाव काढायला आत्याबाईंना चिमटा घ्यावा लागला होता.

यांचं नाव शांतवन. नावाला जागलेला माणूस. रेल्वेत ट्रॅकमन होते, खंडाळ्याच्या घाटात रूळ तपासत चालायचं काम. रिटायर झाले आणि साखर निघाली. यंदा ईस्टरच्या सुमारास उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली, ती काही भरेना. गोळ्या झाल्या, मलम झालं, रोजचं ड्रेसिंग झालं. मग आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी खास प्रार्थना ठेवली होती, बाहेरगावचे एक ब्रदर आले होते. त्यांनी यांच्या कपाळाला तेल लावलं, पायावर हात ठेवला आणि रडून रडून प्रार्थना केली. पुढच्या रविवारपर्यंत जखमेवर खपली धरली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, खोटं का बोलू? मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडले.

आमच्याकडे पद्धत अशी, की पहिलं गीत झालं की पाळक अमोलिकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" ज्याच्यावर देवानं उपकार केले त्यानं उठून सांगायचं. मंडळी टाळ्या वाजवते, हालेलूया म्हणते. यांच्या आधी आमच्या धोंडाबाई मावशींनी अशीच साक्ष दिली होती. त्या कान्ह्याहून गाडीनं येतात. प्रार्थनेनंतर गुडघे बरे झाले म्हणून त्यांनी हातातली काठी तिथल्या तिथं पाळकसाहेबांना देऊन टाकली. साहेबांनी तिला लाल फीत बांधली आणि वेदीशेजारी उभी करून ठेवली. तेव्हापासून मावशी दर रविवारी फाटकापाशी माझी वाट बघतात आणि माझा दंड धरून आत येतात. म्हातारी एवढा जीव लावते म्हणून मला आपलं बरं वाटायचं.

तर यांनी साक्ष दिली. कोणीतरी तिचा व्हिडिओ काढला आणि तो गेला सगळीकडे. फोन यायला लागले. पिंपरीची एक बाई तर रोज फोन करायची, तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं. हे तिला सांगायचे, "ताई, धीर सोडू नका. माझ्याकडे बघा." पाठ ताठ करून सांगायचे. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं बोलतो हेच मला माहीत नव्हतं. मला लय कौतुक वाटलं, खरं सांगते.

मग श्रावण लागला. शनिवार-रविवारी भुशी धरणाला जाणाऱ्या गाड्यांनी आमची भांगरवाडीसुद्धा तुंबते, त्यात घरात ओल, भिंतींना बुरशी. हे घरातही मोजे घालून बसायला लागले. गारठा आहे, म्हटलं, असेल. पण हे मोजे स्वतः धुवायला लागले. ज्या माणसानं कधी रुमाल धुतला नाही, तो मोरीचं दार लावून मोजे धुतोय! माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.

प्रकाश पाडला हौशीरामभाऊंनी. भाऊ यांच्याच रेल्वेच्या गँगमध्ये होते, आता वडिवळ्याला शेती बघतात. पावसाळ्यात एकदा तरी ओढ्याचे खेकडे घेऊन येतात. त्या दिवशी दोघं शेजारी बसून चहा प्याले, घाटातल्या जुन्या गप्पा झाल्या. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले, तर भाऊ थांबले.

"वैनी, रागावू नगा. शांतवनभाऊच्या पायाला वास येतोय."

"कसला वास?"

"कसला म्हंजे? सडल्याचा. गँगमधी आमच्या एकाचा पाय असाच गेलता. गुडग्यापस्तोर कापला."

मी घरात आले ती तशीच यांच्यासमोर उभी राहिले. "काढा मोजा."

"काही नाही झालेलं."

"काही नाही ना? मग काढा."

"एस्तेर, हात लावू नकोस." हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग स्वतःच मऊ झाले. "उघडलीय परत. होईल बरी. विश्वास ठेवलाय मी."

"आणि गोळ्या?"

मी कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पडलेली. साक्ष दिली त्या दिवसापासून या गृहस्थानं साखरेची गोळी घेतली नव्हती!

"गोळी घेतली तर साक्ष खोटी होते गं," हे म्हणाले. "देवानं बरं केलं असं शंभर लोकांपुढं सांगितलंय मी. आता काय सांगू, देवानं बरं केलं आणि परत नासवलं? त्याचं नाव खाली जाईल. आणि ती पिंपरीची बाई? माझ्या साक्षीवर जीव धरून बसलीय ती. मी दवाखान्यात गेलो तर तिनं काय करायचं?"

मी काय काय नाही केलं! भांडले, रडले, मुलीला, करुणाला, फोन लावून दिला, जेवणार नाही म्हणाले. पाळकसाहेबांना सांगते म्हटलं तर शपथ घातली. ढिम्म हलेनात. गरीब माणूस एकदा अडला की त्याच्यासारखा हट्टी कोणी नाही. आणि मला समोर दिसत होतं, की हा पाय जाणार, पायापाठोपाठ माणूसही जाणार.

दिवेलागणीला आम्ही दोघं रोज प्रार्थना करतो. एक दिवस यांनी करायची, एक दिवस मी. सासऱ्यांचा घालून दिलेला कायदा आहे, एक जण प्रार्थना करत असताना दुसऱ्यानं डोळे मिटून बसायचं, मध्ये बोलायचं नाही, आमेनपर्यंत उठायचं नाही. बाहेर कोणी हाका मारत असलं तरी नाही. हा कायदा यांनी आजवर मोडलेला नाही. त्या दिवशी पाळी माझी होती.

मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

"प्रभू, हा माणूस जन्मभर घाटात रूळ बघत चालला. रुळाला केसाएवढी चीर दिसली तरी लाल झेंडा घेऊन गाडीसमोर उभा राहायचा. गाडीत कोण साहेब बसलाय, किती उशीर होईल, असला विचार यानं कधी केला नाही. आणि आता स्वतःच्या पायाला चीर पडली तर त्यावर मोजा चढवून हिरवा झेंडा दाखवत बसलाय. याला वाटतं, तुझी अब्रू या मोज्यात आहे. मोजा काढला तर तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. प्रभू, तू एवढा लहान आहेस का? असशील तर सांग बाबा, उद्यापासून मी तुझ्यासाठीपण प्रार्थना करते."

हे जागच्या जागी चुळबुळले. कायदा म्हणजे कायदा, बोलता येईना.

"तुला बरं करता येतं, मी नाही कुठं म्हणतेय? आमची करुणा टायफॉइडमधून उठली ती तुझ्या दयेनं, मी विसरले नाही. आजही तेच मागतेय. बरं कर. पण प्रभू, लपवून ठेवलेल्या जखमेवर तू तरी हात कुठं ठेवणार? मला टाळ्यांची साक्ष नको. मला हा माणूस पाहिजे. लंगडा चालेल. पाय नसलेलाही चालेल. मला याच्याशिवाय राहता येणार नाही, हे यानं मला कधी विचारलं नाही आणि मीपण कधी सांगितलं नाही, म्हणून आज तुला सांगते."

इथं मी पदरानं नाक पुसलं. पण मी थांबले नाही.

"आणि आज आमेन मी म्हणणार नाही. यांनी म्हटलं तरच ही प्रार्थना संपेल. नाहीतर बसू दोघंही असेच."

मी गप्प बसले. डोळे मिटलेलेच. पागोळ्या टपटपत होत्या. घाट चढून आलेल्या कुठल्या तरी मालगाडीनं भोंगा दिला. किती वेळ गेला कोण जाणे, माझे पाय बधिर झाले. मग हे हुंदका देऊन रडले. थोड्या वेळानं तो वास आला, आणि मला कळलं की मोजा निघाला.

"आमेन," हे म्हणाले.

तळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर यांना काही बोलले नाहीत, मला बाजूला घेऊन बोलले, आणि बरंच बोलले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. ऑपरेशनला आत नेताना यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "आता बरं व्हायचं मागितलं तर चालेल का गं?"

"मागा की! लाजताय काय?" मी म्हटलं. आणि स्ट्रेचरपाशीच उभ्या उभ्या दोघांनी मागितलं.

घरी आल्यावर यांनी पहिला फोन पिंपरीच्या बाईला केला. दार लावून बोलले. ती काय म्हणाली ते मला सांगितलं नाही, पण तिचे फोन काही थांबले नाहीत. आता दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात.

पाऊस सरल्यावर आम्ही चर्चला गेलो. पहिलं गीत झालं, पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, आणि हे उठले. मी या वेळी धरायला गेले नाही. एका हातानं बाकांचा आधार घेत घेत हे पुढं गेले.

"मी मागं इथं साक्ष दिली होती," हे म्हणाले. "तेव्हा जखम सुकली होती, ते खरं आहे. मग ती उघडली आणि मी लपवली. लपव असं देवानं मला सांगितलं नव्हतं, ते माझं मी केलं. तीन बोटं गेली. साखर अजून आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा."

एवढंच. कोणाला कळेना, टाळ्या वाजवायच्या की काय करायचं. पाळकसाहेब हात अर्धा वर करून तसेच उभे. आता कोणी काही वेडंवाकडं बोललं तर मी चर्चमध्येच भांडणार होते, सांगून ठेवते.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या धोंडाबाई मावशींनी माझा दंड सोडला. पुढचा बाक धरून, कण्हत कण्हत त्या उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, माजी काठी द्या."

सगळे वळून बघायला लागले.

"त्या दिशी गुडगं दुखत न्हवतं, देवाशप्पत. दुसऱ्या दिशी पुन्ना दुखाय लागलं. पर काठी तुमी तितं ठिवलेली, फीत बांदून. मागायची कशी?"

पाळकसाहेब वेदीपाशी गेले. काठी उचलून फीत सोडायला लागले, तर गाठ सुटेना.

"ऱ्हाऊ द्या फीत," मावशी म्हणाल्या. "काठी द्या."

साहेब स्वतः खाली उतरून आले आणि त्यांनी ती मावशींच्या हातात दिली. मग तिथंच, बाकांच्या मधल्या वाटेत गुडघे टेकून त्यांनी दोघांसाठी प्रार्थना केली. आवाज न चढवता केली. मी डोळे मिटले होते, पण मला सारखी फाटकापाशी वाट बघणारी मावशी दिसत होती. इतके रविवार ती माझ्या दंडावर सगळा भार टाकून चालली, आणि मला वाटायचं म्हातारी मला जीव लावते.

उपासना सुटल्यावर बाहेर आलो. मावशींच्या एका हातात काठी, लाल फीत लोंबतेय. दुसऱ्या हातानं त्यांनी नेहमीसारखा माझा दंड धरला.

"आता काठी मिळाली ना, मावशी?" मी म्हटलं. "मग मला कशाला धरलंय?"

"मला मिळाली गं," त्या म्हणाल्या. "पर तुला कुटं मिळालीया? सकाळधरनं कापतीयास."