बुडालेल्या गावाचे दोन नकाशे

रुचिता रामटेकेनं बी.ए.ला मानवशास्त्र घेतलं ते ठरवून नव्हे. समाजशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "मानवशास्त्र चालते का?" मागं रांग खोळंबलेली. ती हो म्हणाली. दुसऱ्या वर्षापर्यंत विषयाची गोडी लागली, पण कटरे सरांचं एक वाक्य काही तिच्या गळी उतरेना. सर म्हणायचे, "जे दिसलं ते लिहा. तुम्हाला काय वाटलं ते घरी ठेवून या." रुचिताला प्रश्न पडायचा, दिसणं कुठं संपतं आणि वाटणं कुठून सुरू होतं?

त्या हिवाळ्यात सर अठरा मुलांना घेऊन नागपूरहून पवनी तालुक्यात आले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाची माणसं आसगावच्या अलीकडं नव्या प्लॉटांवर वसली होती. सहा दिवस तिथं राहायचं, लोकांशी बोलायचं. रुचिता आणि तिची मैत्रीण कामिनी यांच्या वाट्याला काम आलं ते जुन्या गावाचा नकाशा लोकांच्या आठवणीतून कागदावर उतरवायचं. सोपं काम मिळालं म्हणून दोघी खूश होत्या.

पहिलं घर उषाबाईंचं. जुन्या गावात त्यांची तलावाखाली धानाची शेती होती. त्यांनी दोघींना खाटेवर बसवलं आणि आधी आडनावं विचारली. रुचितानं सांगितलं. "असं का," एवढंच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा आला तेव्हा कामिनीच्या हातात कपबशी होती आणि रुचिताच्या हातात स्टीलचा ग्लास. रुचितानं वहीत लिहिलं, 'स्टीलचा ग्लास'. मग तिचं लक्ष गेलं, उषाबाई स्वतःही स्टीलच्याच ग्लासातून पीत होत्या. तिनं लिहिलेलं खोडलं. थोड्या वेळानं खोडलेल्यावर पुन्हा तेच लिहिलं.

उषाबाईंनी नकाशा मात्र झकास काढून दिला. मधोमध मारुतीचं देऊळ, समोर चावडी, उत्तरेला तलाव, गल्लीगल्लीतली घरं नावानिशी. कागद अगदी काठोकाठ भरला.

शेजारच्याच प्लॉटवर पंचफुलाबाई राहत. सत्तरीच्या, धानाची कापणी आणि रोवणी करण्यात जन्म गेलेला. नव्या गावात चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते, म्हणून या दोघी भिंतीला भिंत लागून आल्या होत्या. पंचफुलाबाईंनी काढलेल्या नकाशात मधोमध बुद्धविहार होता, भोवती पंचवीसेक घरं, एक विहीर. देऊळ नव्हतं, चावडी नव्हती. वरच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ आणि तिच्यावर एक छोटं दार.

रात्रीचं जेवण झाल्यावर मुक्कामी दोघींनी कागद शेजारी ठेवले. ते जुळेनात. एका गावाचे वाटेचनात.

"एक तर चुकीचा आहे," कामिनी म्हणाली. "उषाबाईंचा स्वच्छ आहे, तोच देऊ."

रुचितानं दोन्ही कागद आपल्या वहीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच दोन्ही कागद घेऊन गेली. अंगणात पंचफुलाबाई लाखोरीची भाजी निवडत होत्या, उषाबाई केस वाळवत बसल्या होत्या. रुचितानं कागद मधे पसरले.

पंचफुलाबाईंनी उषाबाईंच्या कागदावर बोट फिरवलं. "उषे, आमी कुठं हावो यात?"

"कागद सरला ना व माय," उषाबाई म्हणाल्या. "तुमी इथं, खाली." त्यांनी कागदाबाहेर, जमिनीवर बोट टेकवलं. मग रुचिताकडून कोरा कागद घेऊन भराभर रेघा ओढायला लागल्या. "हे इचं घर. दार पूर्वेकडं. दारात मुनग्याचं झाड. आत गेलं का डाव्या हाताले चूल, वर कोनाड्यात बाबासाहेबांचा फोटो."

"तुम्हाला एवढं कसं माहीत, काकू?"

"पुराच्या साली आमच्या घरात कमरेएवढं पाणी. यायची टोली, हे पंचवीस घरं, उंचावर. आठ दिवस आमी सारे इच्याच घरी होतो. इच्याच चुलीवरचं खाल्लं."

"मग काल हे घर काहून नाही काढलं?" रुचिताच्या तोंडून नकळत घरची बोली निघाली.

उषाबाईंनी तिच्याकडं नवलानं पाहिलं. "तू गावाचा नकाशा मांगितला ना, बेटा."

त्यांच्या आवाजात ना आढ्यता होती ना कसली लाज. रुचिताचा चेहरा तापला. आता पंचफुलाबाई काहीतरी सुनावतील, म्हणून ती त्यांच्याकडं वळली. पण म्हातारीनं भाजीची काडी बाजूला टाकली आणि आपल्या कागदावरचं ते छोटं दार दाखवलं.

"हे इच्या घराचं मागचं दार. धान कांडायले बोलवत तं इथून जावो. पुढून मी कधी गेलीच नाही, मग काय काढू?"

"आणि आता?"

"आता तं अंगणच एक हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजीला लागल्या.

"यातला कोणता सरांना देऊ?" रुचितानं विचारलं.

"माहा दे," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"दोन्ही दे," उषाबाई म्हणाल्या, "पण माहा वर ठेव."

दोघी खळखळून हसल्या. रुचिताला हसावं की उठून जावं ते समजेना. तिनं तिन्ही कागद गोळा करून वहीत घातले.

संध्याकाळी तिनं भंडाऱ्याला वडिलांना फोन लावला. त्यांचं मूळ गाव करडीकडलं. नोकरी लागल्यावर त्यांनी ते सोडलं ते सोडलंच, आणि रुचितानंही कधी खोदून विचारलं नव्हतं.

"बाबा, गावाकडं आपलं घर कुठं होतं?"

"गावातच," वडील म्हणाले. मग त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "म्हणजे गावाले लागूनच. काहून?"

"अभ्यासाले पाहिजे होतं."

"ते नको लिहू," ते म्हणाले. पुढं तिच्या जेवणाची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

नागपूरला परतल्यावर तिनं तिन्ही कागद सरांच्या टेबलावर मांडले. उषाबाईंचा, पंचफुलाबाईंचा आणि मुनग्याच्या झाडाचा. सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "यातलं गाव कोणतं?"

"मले नाही माहीत, सर."

सरांनी कागद आपल्याकडं ठेवून घेतले आणि नकाशासाठी तिला आणखी आठ दिवस दिले. पण आठ दिवसांनी नेमकं काय आणायचं, ते सरांनी सांगितलं नाही, आणि तिलाही विचारायचं सुचलं नाही.