आडव्या बाटलीची जीप

आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यासाठी बायकांचं मतदान लागलं. ग्रामसभेत मीच मोठ्यानं म्हणालो होतो, "बंदच झालं पाहिजे." तोंडाचा वास लपवायला मूठभर बडीशेप चघळून गेलो होतो.

चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकानाला कुलूप लागतं. जी घरी बसली, तिचा फायदा दुकानाला. माझी बायको आवडाबाई दोन महिने दारोदार फिरली. कोणापायी फिरतेय, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पाचोडच्या वहाबभाईंची जीप तिनं आधीच सांगून ठेवली होती, कारण शेतवस्तीवरच्या अकरा म्हाताऱ्या काही पाच किलोमीटर चालत येणार नव्हत्या.

मतदानाच्या सकाळी जीप दारात आली आणि माझ्या छातीत कळ आली.

आली कसली, आणली. आता खोटं कशाला बोलू? दुकान गेलं तर संध्याकाळ कशी काढायची, ही भीती तेवढी खरी, बाकी सगळं सोंग. खाटेवरून खाली पडलो आणि "आवडे, मेलो गं!" म्हणून गळा काढला.

ती म्हणाली, "वहाबभाई, गाडी शहराकडं घ्या." एकदाच तिनं वस्तीच्या रस्त्याकडं पाहिलं, मग माझं डोकं मांडीवर घेतलं. रस्ताभर ती पदरानं वारा घालत होती. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता. मी डोळे मिटून पडून राहिलो.

सरकारी दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरांनी आवडाला बाजूला बोलावून काहीतरी सांगितलं. ती परत आली आणि वहाबभाईंना म्हणाली, गाडी गावाकडं घ्या.

गावात पोचलो तर मोजणी उरकली होती. आठशे एकवीस बायका, चारशे अकरा मतं लागत होती, पडली चारशे दोन. वस्तीवरच्या म्हाताऱ्या नवी लुगडी नेसून पाच वाजेपर्यंत जीपची वाट बघत बसल्या होत्या.

शेजारची वच्छलाबाई घरी आली. तिचा नवरा दारूनंच गेला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. पण तिच्या हातात तांब्याभर दूध होतं.

"बद्रीनाथभाऊ, मतदान पुन्यांदा मागता येतं. माणूस गेला म्हंजी येत नाय, मला इचारा." मग आवडाकडं वळून म्हणाली, "काय म्हणले गं डाक्टर?"

आता मात्र माझ्या छातीत खरंच धडधडलं.

"येळेवर आणलं म्हणले," आवडा खाली बघत म्हणाली. "नायतर लई अवघड व्हतं."

इतक्या वर्षांत तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. वच्छलाबाई गेल्यावर ती हळूच म्हणाली, "छातीत काय बी नाय म्हणले डाक्टर. तुमची लाज झाकली मी. पर उद्या वस्तीवरच्या बायांना कोणतं तोंड दाखवू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे पाय धरावेत असं मनापासून वाटलं. मी उठलोही.

उठलो आणि चपला घातल्या. कुठं निघालात, हे तिनं विचारलं नाही. दुकान उघडं होतं.