बकेटभर झेंडू

माझ्या मशीनच्या बकेटमध्ये पोतीच्या पोती झेंडूच्या पाकळ्या ओतल्या होत्या आणि कापूरहोळच्या चौकात सकाळी सात वाजल्यापासून मी त्या राखत बसले होते. ज्या बकेटनं मी नऊ वर्षं डोंगर उकरले, विहिरी खणल्या, भातखाचरांचे बांध नीट केले, ती आदल्या रात्री साबण लावून घासायला लावली होती. वर बूमला, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लांब लोखंडी हाताला, साहेबांचा फ्लेक्स बांधला होता. फ्लेक्सवर साहेब हात जोडून हसत होते. त्यांचं हसू बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

साहेबांना मुंबईत कसलंसं पद मिळालं होतं आणि त्यानंतर ते पहिल्यांदाच इकडे येत होते. स्वागताला आठ मशीन आणली होती, चार रस्त्याच्या या बाजूला, चार त्या बाजूला. बूम उंच करून समोरासमोर टेकवले की कमान होते. साहेबांची गाडी कमानीखाली आली की आठही जणांनी बकेट उलटायच्या. आमच्याकडे ही आता रीतच पडली आहे. माती उपसायला मशीन मिळत नाही, पण पाकळ्या उधळायला म्हणाल तितकी मिळतात.

मी नूतन. आमचं माती उकरायचं एकच मशीन आहे, चाकांऐवजी चेनवर चालणारं. चेन डांबरावर चालवली तर रस्ता उखडतो, म्हणून कुठंही जायचं झालं तर ते आमच्या जुन्या ट्रकवर चढवून न्यावं लागतं. ट्रक सोमनाथराव चालवतात, म्हणजे माझे यजमान, आणि मशीन मी चालवते. सुरुवातीला उलटं होतं. पण उतारावर मशीन जरा कललं की सोमनाथरावांना घाम फुटायचा आणि मला फुटायचा नाही, म्हणून आम्ही अदलाबदल केली. आमच्या घरात हे ठीक चाललंय, लोकांना मात्र अजून पचत नाही. मी केबिनमधून खाली उतरले तरी माझ्या मागे डोकावून विचारतात, "मालक कुठायत?"

असं कधीच न विचारलेला एकच माणूस मला माहीत होता, पासलीच्या वरच्या वाडीतले सावळाराम तात्या. पहिल्या वर्षी बाईच्या हातात मशीन बघून कुणी काम देईना, तेव्हा तात्यांनी आपली सात खाचरं सारखी करायला दिली. दोन दिवस बांधावर बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हात हलका हाय पोरी तुजा. मातीला दुखत न्हाई." मग त्यांनीच पाच-सहा गावांत माझं नाव सांगितलं. आज आमची चूल पेटते त्यात तात्यांचा वाटा आहे.

दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या किडन्या गेल्या. सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनदा त्यांना भोरला डायलिसिसला न्यावं लागायचं. त्या स्वागताच्या दोन दिवस आधी, रविवारी संध्याकाळी वाडीच्या खालच्या वळणावर दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. सोमवार चुकला. सोमवारी संध्याकाळी त्यांच्या सुनेचा, स्नेहलचा, मला फोन आला.

"ताई, मामंजींचे पाय लई फुगलेत. आडवं झालं की दम लागतोय. भोरच्या डॉक्टरबाईंनी उद्या दुपारी तीनची येळ धरून ठिवलीय. पण न्हेयाचं कसं? सकाळी चौगांनी झोळी करून न्ह्यायचं बगितलं, तर फुडचा गडी कमरेपत्तोर चिखलात गेला. खाली दरी हाय. माघारी आनलं त्यास्नी."

"रस्त्याच्या ठेकेदाराचं मशीन कुठं हाय?"

"ते कापूरहोळला गेलंय म्हनं. सायबांच्या सवागताला."

"मी दहाला तिथं असंन," मी म्हटलं.

अर्ध्या तासात प्रद्युम्नचा फोन आला. हा भोरचा, साहेबांच्या पुढं-पुढं करणारा. आमच्या भागात कुणाचा प्लॉट सपाट करायचा, कुणाच्या फार्महाऊसला रस्ता काढायचा, हे त्याच्या एका शब्दावर ठरतं. तो अर्थातच सोमनाथरावांशी बोलला. उद्या सातला मशीन घेऊन कापूरहोळला या, साहेब आठला येणार, साडेआठला तुम्ही मोकळे. मी बोटांवर हिशेब केला. साडेआठला निघालो तर सव्वादहाला वळणावर, एकपर्यंत रस्ता मोकळा, साडेतीनपर्यंत तात्या भोरला. अर्धा तास इकडंतिकडं. जमेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला नाही म्हणायला मी घाबरले होते. हे आत्ताच लिहून टाकते.

आठ वाजले. साडेआठ वाजले. साहेब निघाले म्हणे. नऊ वाजता साहेब निघतायत म्हणे. ढोलवाले दोनदा वाजवून दमले आणि वडापाव खायला गेले. मी प्रद्युम्नला गाठलं.

"भाऊ, मला जाऊ द्या. पासलीला दरड काढायचीय. माणूस अडाकलाय."

"वहिनी, एक मशीन गेलं की कमानच मोडते हो. फोटोत केवढी मोकळी जागा दिसेल! दहा मिनिटं."

"सायेब निघालेत का तरी?"

"मालक कुठायत? मी त्यांच्याशी बोलतो."

मी केबिनमध्ये जाऊन बसले. बसायला नको होतं. शेजारच्या मशीनवरचा माणूस मोबाईलवर रील बघून खदाखदा हसत होता, त्याच्याही कानाखाली वाजवावीशी वाटत होती. साडेनऊला माझा फोन वाजला. खुद्द तात्या होते. दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला थांबत होते.

"नूतन, तुजं मशीन आलं... की मला माजं मशीन मिळंल बग."

"निघतेच, तात्या."

"सावकाश ये. पावसाचं दिस हाईत. घाई करू नको."

फोन ठेवला आणि तरीही मी तिथंच बसून राहिले. तासभर. आणखी दहा मिनिटं, आणखी दहा मिनिटं, असा एक आख्खा तास.

साडेदहाला माइकवरून कुणीतरी सांगितलं की साहेब वाटेत एका ठिकाणी नाश्त्याला थांबले आहेत. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी मशीन चालू केलं आणि बूम खाली घेतला. समोरच्याचा बूम एकटाच हवेत राहिला. लोक ओरडायला लागले. प्रद्युम्न दोन्ही हात हलवत पुढं पळत आला, पण चेन फिरायला लागली की पुढं कुणी उभं राहत नाही. सोमनाथरावांनी ट्रक मागे घेतला आणि कडेच्या मातीच्या उंचवट्याला लावला. मी मशीन वर चढवलं. बकेट रिकामी करायलाही थांबले नाही.

"ह्या तालुक्यात पुन्हा काम मिळणार नाही तुम्हाला!" प्रद्युम्न सोमनाथरावांच्या खिडकीशी येऊन ओरडला. सोमनाथरावांनी काच वर केली.

नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत वाऱ्यानं पाकळ्या उडत होत्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, एका म्हातारीनं तर चक्क हात जोडले. तिला वाटलं असेल कुठल्या देवाची मिरवणूक आहे. मी सोमनाथरावांवर ओरडत होते, जोरात चालवा म्हणून. ते म्हणाले, "वर सात टनांचं धूड हाय. पलटी झालं तर तात्यांना काय फायदा?" त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला आणखी राग आला.

वळणावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. डोंगराच्या कडेला ट्रक लावून मशीन उतरवलं. दरडीच्या पलीकडं वाडीतली जीप तयार उभी होती. पुढच्या सीटवर तात्या, पाठीशी दोन उशा, शेजारी स्नेहल. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते. भिजलेल्या पाकळ्यांचा तळात राहिलेला लगदा मी दरीत झटकला, तेव्हा तात्यांनी मान बाहेर काढली.

"हळदीला गेलतीस व्हय गं, मशीन घिऊन?"

पलीकडची माणसं हसली. मला हसता आलं नाही. मी खाली मान घालून पहिली बकेट मारली.

दरड काढताना घाई करता येत नाही. खालून उपसलं की वरून ओलं येतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मशीनखालचा रस्ता किती खचलाय ते दिसत नाही. दोनदा वरून मोठा लोंढा आला, दोनदा मागं सरले. पहिल्यापासून सुरुवात. एरवी मी असं काम शांतपणे करते. त्या दिवशी प्रत्येक बकेटला शिव्या देत होते, मातीला नाही, त्या चौकातल्या सगळ्यांना, आणि एवढ्या मोठ्यानं की सोमनाथरावांनी लांबून खूण केली, बाया ऐकतायत म्हणून. ऐकू देत, मी म्हटलं.

साडेतीनला एक जीप जाईल एवढी वाट झाली. चाकाखाली दगड टाकून, दोघांनी मागून ढकलून जीप या बाजूला आली. माझ्या मशीनपाशी तात्यांनी थांबायला सांगितलं. बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

"हात हलकाच हाय अजून," ते म्हणाले.

जीप भोरला पोचली तेव्हा सहा वाजले होते. तिथल्या डॉक्टरबाई त्यांची वाट बघत थांबल्या होत्या. आल्या आल्या मशीनवर घेतलं, जे करता येईल ते सगळं केलं. पण तोवर छातीत पाणी भरलं होतं. बुधवारी दिवस उजाडायच्या आत तात्या गेले.

साहेब कापूरहोळला दीड वाजता आले होते. सात मशीनच्या कमानीखालून गेले. आठवं नव्हतं ते त्यांना कळलंसुद्धा नसेल.

स्नेहल मला दोष देत नाही. ती म्हणाली, "ताई, डॉक्टरबाई म्हनल्या, तीनला आलं असतं तरी सांगता येत न्हवतं." माझी समजूत काढायला सासरा गेलेली बाई असं बोलते, तेव्हा मला माझीच लाज वाटते. राग साहेबांचा आहे, प्रद्युम्नचा आहे. पण सात ते साडेदहा, हे साडेतीन तास त्यांनी माझ्याकडून हिसकावून घेतले नव्हते. चावी माझ्या हातात होती. मी त्यांना ते दिले. तात्यांचे साडेतीन तास मी माझे समजून देऊन टाकले, पुढं काम मिळावं म्हणून. हे आठवलं की कानशील तापतं.

त्यात शुक्रवारी सगळ्यांच्या मोबाईलवर एक फोटो फिरला. दरडीवर काम करणारं माझं मशीन, आणि बूमला बांधलेला तो फ्लेक्स. सोडायचं भानच राहिलं नव्हतं मला. खाली लिहिलं होतं, साहेबांच्या आदेशानं पासलीची दरड तातडीनं हटवली, रुग्णाला जीवदान. मी कोयता घेतला आणि फ्लेक्सच्या चिंध्या केल्या. फोटोची चिंधी कशी करायची ते मात्र मला कळलं नाही.

उरलेली दरड अजून काढायची होती, म्हणून मशीन तिथंच वळणावर ठेवलं होतं. तात्यांच्या नवव्या दिवशी सकाळी आठला मी कामाला सुरुवात केली, तेवढ्यात सोमनाथरावांचा फोन वाजला. त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मालकिनीशी बोला," आणि फोन माझ्याकडं दिला.

प्रद्युम्न होता. आवाजात साखर होती.

"वहिनी, झालं गेलं विसरा. साहेब आज अकराला वाडीत येतायत, सावळारामांच्या घरच्यांचं सांत्वन करायला. आठ गाड्या आहेत. तुमच्या वळणावर अजून जेमतेम एक गाडी जाते म्हणे. जरा रुंद करून ठेवता का?"

"सायेब सवता येनार?"

"स्वतः. फोटोग्राफर पण आहे."

"अकराच ना? न्हाईतर नाष्ट्याला थांबतील कुठंतरी."

"नाही हो. अकरा म्हणजे अकरा."

"या मग," मी म्हटलं. "मी बकेट भरून ठिवते."

तो गडबडला. "अहो, फुलं नकोत आज! दुखवट्याला शोभत नाही ते."

"फुलं कुठं हाईत हितं?" मी म्हटलं. "दरड हाय. ओली हाय. लई हाय."

मी फोन सोमनाथरावांना परत दिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ट्रक काढून लांब नेऊन लावला आणि परत येऊन माझ्या केबिनपाशी दगडावर बसले.

मी मशीन वळणाच्या बरोबर तोंडाशी घेतलं. काठोकाठ बकेट भरली. बूम उचलून रस्त्याच्या मधोमध आणला, गाडीच्या टपाच्या दोन हात वर, कमानीत धरायला सांगितला होता अगदी तसा. चिखल हळूहळू ठिबकत होता. कापूरहोळला मी साडेतीन तास वाट बघितली होती. इथं दिवसभर बघायची माझी तयारी होती.