डाव्या टाचेचा सुकतळा

गेल्या हंगामात आमच्या फुटबॉल संघाने एकसष्ट गोल खाल्ले. शेवटच्या सामन्यानंतर प्रेक्षक शिव्या द्यायलाही थांबले नाहीत, मुकाट घरी गेले. तेव्हाच मला कळलं की या सुट्टीत बचावफळीची धडगत नाही. झालंही तसंच. पंधरा दिवसांत डाव्या बाजूच्याला नारळ दिला, उजव्या बाजूचा दुसऱ्या संघाला देऊन टाकला, आणि ज्याला आम्ही जिराफ म्हणायचो तो उंच पोरगा स्वतःच ‘मला मोकळं करा’ असं पत्र देऊन आला. चौघांतला उरला एकटा अडसर.

अडसर म्हणजे आमचा कप्तान. अकरा वर्षं गोलसमोर आडवा उभा राहिला म्हणून हे नाव पडलं. आता चौतिशीचा झाला होता. त्याचा करार संपत आला होता आणि त्याला आणखी एकच वर्ष हवं होतं. पुढच्या हंगामानंतर क्लब लहान मुलांच्या संघासाठी शिक्षक नेमणार होता आणि ती जागा संघात असलेल्या जुन्या खेळाडूला द्यायची, असं वरच्या मंडळींचं ठरल्यासारखं होतं. वर्षभर आधी बाहेर पडला तर ती जागाही हातची जाणार होती. सुट्टी लागल्यावर सगळे खेळाडू समुद्रावर नाहीतर डोंगरावर गेले. हा रोज सकाळी रिकाम्या मैदानाला वीस फेऱ्या मारायचा.

मी क्लबच्या बुटांचं बघतो. जिन्याखाली माझी खोली आहे. एक लांब बाक, भिंतभर फळ्या, फळ्यांवर बूट, आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा असा वास की नवा माणूस पाच मिनिटांत डोकं धरून बाहेर जातो. खेळाडूंना मात्र तिथे येऊन बसायला आवडतं. बाकावर बसायचं, पाय पसरायचे, सासूपासून पंचापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा. आणि ज्याचं जे दुखतं ते तिथेच बाहेर पडतं, कारण बुटापासून दुखणं लपत नाही. कुणाचा स्टड बाहेरून झिजला, कुणाची टाच आतून घासली, हे पाहिलं की माणूस कुठला पाय सांभाळून टाकतोय ते मला डॉक्टरच्या आधी कळतं. म्हणून आमच्यात एक रीत आहे, माझ्या आधीच्या म्हाताऱ्यापासून चालत आलेली. या खोलीत दिसलेलं जिना चढत नाही. वर ऑफिस आहे, डॉक्टर आहे, मॅनेजर आहे. त्यांनी विचारलं तरी आम्ही फक्त बुटांचा नंबर सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी अडसरची डावी नडगी मोडली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. हाड जुळलं, तो परत खेळायला लागला, पेपरात फोटो आला. पण हाड जुळताना पाय किंचित आखूड झाला होता, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा कळलं त्याच्या बायकोला. ती एका दुकानासाठी शिवणकाम करते. त्याच्या सगळ्या विजारींची डावी पट्टीच जमिनीला घासून विरतेय, हे तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. तिने त्याला घरातच आडवं पाडून टेपने मोजलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे आली. मी दाराला कडी लावली आणि डाव्या बुटाच्या आत बसेल असा जाड सुकतळा केला. तीन थर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, टाचेकडे उंच आणि पुढे उतरते, वरून पातळ कातडं. खेळायच्या बुटात एक, सरावाच्या बुटात एक, आणि डॉक्टर ज्या बुटांत त्याला मशीनवर पळवतो त्यांतही एक. दोन वर्षं तो त्यावर खेळला. एकसष्टातले किती गोल त्या पायामुळे झाले, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, एकही नाही. गोल झाले ते उजव्या बाजूच्याच्या आळसामुळे. पण माझं कोण ऐकतं.

नवी बचावफळी बांधायला क्लबने धाकट्याला आणलं. हा मूळचा आमचाच. सात वर्षं अडसरच्या शेजारी खेळला, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून धाकटा. गुडघ्याने दगा दिला तेव्हा लवकर खेळ सोडला आणि कोचिंगचा कोर्स करून आला. बाहेरगावी दोघं एका खोलीत झोपायचे, एकाची पेस्ट दुसरा वापरायचा. धाकट्याच्या पायाचा अंगठा मोडला होता तेव्हा मी त्याचा बूट पुढून कापून आतून मऊ कातड्याचं ठिगळ लावून दिलं होतं. दोन महिने तो तसा खेळला आणि कुणाला पत्ता लागला नाही. अडसरला ठाऊक होतं. त्यानेही तोंड उघडलं नाही.

कोच झाल्यावर पहिल्याच दिवशी धाकटा माझ्या खोलीत आला. बाकावर बसला, ब्रश उचलला आणि पूर्वीसारखा बुटांवरचा चिखल काढायला लागला. मी म्हटलं, ‘साहेब, आता ही कामं तुमची नाहीत.’ तर म्हणाला, साहेब म्हणालात तर चहा पाजणार नाही. तीन दिवस तो असाच येत राहिला. जुन्या गोष्टी निघाल्या, त्याचा साखरपुडा, अडसरने त्याच्या सासऱ्यासमोर केलेली फजिती. मला बरं वाटलं. माझ्याशी एवढा वेळ बसून बोलणारं घरीही आता कुणी उरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी नव्या बुटांचा फॉर्म भरत होतो. यंदा बूट बनवणारे प्रत्येकाच्या पायाच्या मापाने तळ करून देणार होते आणि खाली वेगळ्या सूचनांसाठी जागा होती. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. उंची तळातच करून मिळाली तर सुकतळा सरकायची भीती नाही, ओला होऊन चपटा व्हायची भीती नाही, अडसरचं वर्ष आरामात निघेल. फक्त फॉर्मवर कोचची सही लागणार होती. आणि कोच तर आपलाच होता.

तेवढ्यात धाकट्यानेच अडसरचा डावा बूट उचलला, आत हात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

मला म्हणता आलं असतं की टाचेला फोड आहे. मी उठून दार लोटलं आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने सुकतळा बाहेर काढला, नखाने जाडी चाचपली, किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, सात मिलिमीटर, आणि पळताना कुणाला कळतं का सांग. मला तेव्हा शाबासकी हवी होती, हे आज कबूल करतो. शाबासकी मिळालीही. ‘काका, तुमच्या हाताला तोड नाही,’ तो म्हणाला. ‘हे माझ्यावर सोडा.’

पुढच्या सोमवारी अडसरची तपासणी झाली. दरवर्षी डॉक्टर गुडघे दाबायचा, मशीनवर पळवायचा, सही करायचा. यंदा त्याने त्याला अनवाणी टेबलावर झोपवलं आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय टेपने मोजले. मग एक्स-रे. गुरुवारी पत्र आलं की क्लब करार वाढवू इच्छित नाही. मला हे मालिशवाल्याने सांगितलं, दारात उभ्या उभ्या, आणि वर म्हणाला, ‘नेम धरूनच मोजलं बघा. कुणीतरी चुगली केलीय.’

मी जिना चढलो. चार-पाच वर्षांत चढलो नव्हतो. धाकट्याच्या टेबलावर मैदानाचा नकाशा होता आणि त्यावर चार लाल चकत्या, चारही नव्या माणसांच्या. मला बघून तो उभा राहिला, खुर्ची दिली. मी बसलो नाही. तू काय केलंस हे, एवढंच मी विचारलं.

त्याने आडपडदा ठेवला नाही. मला काहीतरी खोटं ऐकायचं होतं, तेवढंही त्याने केलं नाही. अडसर डावीकडे वळताना अर्धं पाऊल उशिरा वळतो हे त्याने फिल्मवर पंधरा वेळा पाहिलं होतं. कारण सापडत नव्हतं. विचारलं असतं तर अडसरने सांगितलं नसतं, डॉक्टरला ठाऊक नव्हतं. मग राहिलो मी.

‘म्हणजे तू ब्रश घेऊन बसलास ते यासाठी?’

‘पहिल्या दिवशी नाही,’ तो म्हणाला. मग एक लाल चकती सरकवत म्हणाला, ‘काका, एकसष्ट गोल. मलाही एकच वर्ष दिलंय त्यांनी.’

‘तुझ्या अंगठ्याचं मी कुणाला सांगितलं होतं?’

‘नाही सांगितलंत. आणि त्या दोन महिन्यांत माझ्यामुळे आपण चार सामने हरलो. तुम्ही विसरलात, मी नाही विसरलो.’

मी वळलो. खाली आलो आणि बूट घासत बसलो. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. अडसरच्या घरी फोन लावायला दोनदा हात गेला आणि दोन्ही वेळा मी स्वतःला समजावलं की समोरासमोर सांगितलेलं बरं, तो येईलच सामान न्यायला.

तो सोमवारी आला. दाढी वाढलेली. बाकावर बसला, पण पाय पसरले नाहीत. त्याच्या पिशवीत घालायला मी त्याचे बूट एकेक करून पुसून देत होतो.

‘कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे,’ तो म्हणाला.

मी पुढचा बूट पुसायला घेतला.

मग तो बोलत गेला. त्याची बायको वर्षभर त्याच्या मागे लागली होती की आता पुरे कर, चाळिशीत काठी घेऊन फिरायचंय का. तपासणीच्या आठवडाभर आधी तिने डॉक्टरच्या बायकोचा ब्लाऊज शिवून पोहोचवला होता. त्याला दोन अधिक दोन करायला वेळ लागला नाही. गुरुवारपासून तो तिच्याशी बोललेला नव्हता. ताट वाढलं की जेवायचा, अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकायचा. ती विचारत होती काय झालं, आणि तो तिला सांगतही नव्हता.

‘बारा वर्षांचा संसार, काका. आणि ती माझ्या पाठीमागे जाऊन माझ्या पायाचं माप देऊन येते.’ मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ठाऊक तर तुम्हा दोघांनाच होतं. तुमचं तर मनातही आलं नाही माझ्या.’

मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कधी कळलं नसतं. धाकटा सांगणार नव्हता. अडसर मला नमस्कार करून गेला असता आणि दर हंगामाला माझी खुशाली विचारायला आला असता. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. एका बुटाची नाडी ओवून होईपर्यंत मी विचार केला.

‘तिने नाही सांगितलं,’ मी म्हणालो. ‘मी सांगितलं. धाकट्याला. बुटांच्या फॉर्मसाठी.’

त्याला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं, ब्रश, चहा, सही, शाबासकीसुद्धा. त्याने आरडाओरडा केला असता, दोन थपडा मारल्या असत्या तर मला चाललं असतं. त्याने फक्त विचारलं, ‘कधी कळलं तुम्हाला, पत्र आल्याचं?’

‘गुरुवारी.’

‘म्हणजे चार दिवस.’ त्याने बोटांवर मोजल्यासारखं केलं. ‘फोन नाही केलात.’

‘तू येशील म्हणून वाट बघत होतो.’

तो उठला. पिशवी अर्धी भरली होती, तशीच खांद्याला लावली आणि गेला. सरावाचे बूट माझ्या मांडीवर राहिले.

आठ दिवसांनी ते न्यायला त्याची बायको आली. मी तिच्यासाठी बाक पुसला. ती बसली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली की तुम्ही त्याला सांगितलंत ते बरं केलंत, उशिरा का होईना. त्याने तिची माफी मागितली होती. दोनदा. झालं गेलं विसर, असं ती म्हणाली होती.

‘मग आता ठीक आहे ना घरी?’ मी विचारलं.

तिने बूट हातात घेतला आणि आतला सुकतळा अंगठ्याने दाबून बघितला.

‘काका, तो चार दिवस माझ्यासमोर बसून जेवला. एकदाही विचारलं नाही त्याने, तू सांगितलंस का म्हणून. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं आणि विषय संपला असता. तुमच्यावर त्याला संशयसुद्धा आला नाही, आणि मला विचारावंसंही वाटलं नाही. पाय आखूड झालाय हे मी शोधलं होतं.’

मी म्हणालो, चूक माझी आहे.

‘तुमची तुमच्यापाशी,’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘त्याच्या चुकीला मला रोज जेवायला वाढायचंय.’

मग तिने पिशवीतून नमद्याचा एक तुकडा काढून बाकावर ठेवला. पाय काही लांब होणार नव्हता, चालायला सुकतळा लागणारच होता, आणि यापुढे ती स्वतःच तो घरी करणार होती. थर कसे उतरते करायचे तेवढं दाखवा, म्हणाली. मी कातडं कापायची रापी दिली, कापायचा कोन दाखवला, कुठलं सोल्यूशन नमद्यात मुरतं आणि कुठलं वरच राहतं ते सांगितलं. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कडेला ती चिकटवण्याऐवजी टाके घालत गेली, इतके बारीक की चष्म्यातूनही मला मोजता येईनात. मी म्हटलं, हे माझ्यापेक्षा चांगलं झालं. तिने मान वर केली नाही.

शेवटचा टाका घालून तिने दोरा दाताने तोडला, सुकतळा बुटात बसवला, बूट पिशवीत टाकले. उरलेला नमदाही गोळा केला. दारात नव्या बचावफळीतल्या चौघांच्या बुटांची खोकी रचली होती, ती तिने पायाने थोडी बाजूला सारली आणि निघून गेली.